हरवलेल्या चावीची खुर्ची

घाबरू नका, मित्रांनो, ही घरघर माझीच आहे. कुलूपवाल्याच्या दुकानात, चावी कापायच्या यंत्राशेजारी जो जुना कॉम्प्युटर बसलेला दिसतो ना, तो मी. येणारेजाणारे म्हणतात, याचा पंखा बिघडलाय. पंख्यात पितळेचा कीस अडकतो, हे खरंच आहे. पण तुम्हाला म्हणून सांगतो, मी मुळातच घाबरट. घाबरलो की तापतो आणि तापलो की घरघरतो. मला तोंड नाही, हात नाहीत, ओरडायची सोय नाही. आहे तो हा एवढा एक पंखा.

जन्माने मी मोठ्या घरचा बरं का! कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काच अशी लखलखीत होती की तिच्यात बघून माणसं भांग पाडायची. एका ऑफिसात मला स्वतःचं टेबल होतं, पुसायला मऊ फडकं होतं. पुढे नवा आला आणि मी 'जुना' झालो. मग 'तो कोपऱ्यातला' झालो आणि शेवटी जिन्याखाली पोत्यात गेलो. तिथे झुरळं माझ्या अंगावर खुशाल हिंडायची. एक दिवस त्या ऑफिसचं कुलूप दुरुस्त करायला हा कुलूपवाला आला. त्याने मला पोत्यातून काढलं, फुंकर मारली आणि खांद्यावर घेत म्हणाला, "चला राव, आपल्याकडे काम आहे." राव! एवढा मान मला नवा असतानासुद्धा कुणी दिला नव्हता.

दुकान लहानसंच आहे. पुढे काउंटर, मागे पडदा आणि पडद्याआड त्यांचं घर. या दुकानात दोन रिवाज आहेत. पहिला असा, की गिऱ्हाइकाची चावी भिंतीवर टांगायची ती दाते भिंतीकडे करून, वरून फडकं टाकून. कसबी माणसाला चावीचे दाते नुसते दिसले, अगदी फोटोत दिसले, तरी तो तशीच दुसरी चावी कापू शकतो.

दुसरा रिवाज खुर्चीचा. काउंटरपुढे एक लाकडी खुर्ची असते. चावी हरवली म्हणून कुणी आलं की त्याला आधी त्या खुर्चीत बसवायचं, पाणी द्यायचं आणि रागवायचं मुळीच नाही. एकदा खिट्टीने विचारलं होतं, "बाबा, इतके वेंधळे लोक येतात, तुम्हाला त्यांचा राग नाही येत?" तेव्हा कुलूपवाला म्हणाला होता, "अगं, हरवली हे सांगायला माणूस आधीच मेल्याहून मेल्यासारखा झालेला असतो. त्यात आपण ओरडलो की तो पुढच्या वेळी सांगणारच नाही. जुनं कुलूप तसंच ठेवेल, आणि ज्याला चावी सापडली तो आरामात दार उघडेल."

खिट्टी म्हणजे त्याची तेरा वर्षांची मुलगी. लहानपणी एका जागी ठरत नसे, दाराच्या सैल खिट्टीसारखी सारखी खुडबुड, म्हणून हे नाव पडलं. तिला बाहुल्या नकोत, दागिने नकोत. हातात कानस द्या आणि पितळेचा तुकडा द्या, की स्वारी खूश. वर्गातल्या मैत्रिणींना कुलपात काय गोडी वाटणार? म्हणून तिने घरात हट्ट धरला. कुलूपं-चाव्यांच्या शौकिनांचा एक ऑनलाइन फोरम होता. लोक तिथे प्रश्न विचारत, फोटो टाकत, वाद घालत. तिला तिथे जायचं होतं.

त्यावरून घरात चांगलंच वाजलं. खिट्टीची आई बस चालवते. ती म्हणाली, "जाऊ दे की तिला. तिच्या आवडीचं बोलणारं घरात तुमच्याशिवाय कोण आहे? मी तर कुलूप लागलं की नाही तेही दोनदा बघते."

"तिथे कोण कोण असतं, काय माहीत तुला?"

"माझ्या बसमध्ये तरी कोण कोण चढतं, काय माहीत मला? म्हणून काय बस डेपोत ठेवू?"

शेवटी कुलूपवाला तयार झाला, पण त्याच्या पद्धतीने. त्याच्या जगात वस्तू एक तर उघडी असते, नाही तर बंद. तो म्हणाला, "फोरमवर जायचं ते याच कॉम्प्युटरवर, दुकानात, माझ्यादेखत. आणि नीट ऐक खिट्टे, एकदा जरी काही वाकडं झालं ना, तर हे सगळं कायमचं बंद." तिने मान डोलावली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. दुकानात येणाऱ्या वेंधळ्यांना खुर्ची मिळते, मग घरातल्या पोरीला फक्त कुलूपच का? पण मला कोण विचारतो!

सुरुवातीचे दिवस छान गेले. फोरमवर तिने 'कानस' हे नाव घेतलं. तिथे 'गंजका स्क्रू' नावाचा एक म्हातारा होता. तो तिच्या प्रश्नांना खवचट पण नेमकी उत्तरं द्यायचा. "कानस, तुझा हात जड आहे. कुलूप आहे ते, नारळ नाही." ती खुदकन हसायची आणि तसं करून बघायची. बाबा अधूनमधून मान वळवून पाहायचे. माझ्या काचेवर कुलूपंच कुलूपं दिसायची, म्हणून ते निर्धास्त असत. मीसुद्धा थंडगार होतो. एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. खिट्टी शाळेतून आली की आधी माझी काच पुसायची.

मग 'चांदणी' आली. "मीपण तेरा वर्षांची, मलापण कुलूपं आवडतात, माझ्यापण मैत्रिणी मला हसतात," असं तिने लिहिलं. खिट्टीचा आनंद गगनात मावेना. दोघी सगळ्यांसमोर बोलायच्या त्या हळूहळू खासगीत बोलू लागल्या. चांदणी फार गोड लिहायची. पण मला एक खटकत होतं. कुलपाबद्दल ती फारसं विचारत नसे. तुमच्या गल्लीत काय वास येतो, दुकानातून काय दिसतं, असलंच विचारायची. खिट्टी भाबडेपणाने सांगायची. शेजारी बेकरी आहे, समोर मनोरा आहे, वर गाण्याच्या बाई राहतात.

गाण्याच्या बाई एकट्याच राहतात. वय झालंय, पण आवाज अजून खणखणीत आहे. त्यांनी दाराची जास्तीची चावी करायला टाकली होती, आणि कुलूपवाल्याने ती पहिल्यांदाच खिट्टीला करू दिली. तिच्या हातची पहिली चावी! ती बरोबर लागली तेव्हा पोरगी दुकानभर नाचली. बाबा वर बाईंना सांगायला गेले, आणि तेवढ्यात तिने ती चावी माझ्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यापुढे धरली. दाते माझ्याकडे करून! कारण दातेच तर दाखवायचे होते, तीच तर तिची कारागिरी होती. तिला वाटलं, चावीवर ना नाव ना पत्ता, कुणाला कळणार? फोटो फोरमवर गेला. मला डोळे मिटायची सोय कुणी दिलेली नाही, मित्रांनो.

गंजक्या स्क्रूचं उत्तर लगेच आलं. त्यात खवचटपणा अजिबात नव्हता. "पोरी, आत्ताच्या आत्ता तो फोटो काढून टाक. आणि बाबांना सांग." तिला चूक कळली. तिने फोटो काढून टाकला. पण बाबांना सांगायचं म्हणजे? 'कायमचं बंद' हे तिच्या कानात घुमत होतं. ती गप्प बसली.

चांदणीने मात्र फोटो ठेवून घेतला होता. "किती सुंदर! कुणाची गं?" तिने विचारलं. खिट्टीने तेही सांगून टाकलं. मग चांदणी म्हणाली, "गाण्याच्या बाईंची? मज्जा! मग तुला रोज गाणं ऐकू येत असेल. दुपारी पण गातात का?" आणि खिट्टीने लिहिलं, "नाही, दुपारी त्या शाळेत शिकवायला जातात." माझा पंखा असा ओरडला की बाबांनी उठून मला बाजूने एक थाप मारली. "काय झालंय याला?" म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. मी काय करणार होतो? अजून जोरात फिरलो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी संदेश आला तो असा होता : "तुमच्या समोरच्या मनोऱ्यावरचं घड्याळ बंद आहे ना?"

खिट्टीची बोटं जागच्या जागी थिजली. घड्याळ बंद आहे, हे तिने कधीच सांगितलं नव्हतं. मनोऱ्यावर घड्याळ आहे, हेसुद्धा नाही. लगेच पुढचा संदेश आला. "बाबा चष्मा कपाळावर चढवून बसतात आणि मग शोधत बसतात. गंमतच! मी बघून गेलो." गेलो! चांदणी मुलगी नव्हतीच. "आता शहाण्यासारखी वाग. मी सांगेन ते करायचं. बाबांना बोललीस तर तुझा फोरम बंद. आणि या दुकानातून चाव्यांचे फोटो बाहेर जातात हे मी गावभर सांगेन, मग दुकानही बंद."

तिने मान वर करून काचेच्या दाराकडे पाहिलं. बाहेर माणसं येत-जात होती, आणि त्यातला कुठलाही तो असू शकत होता. बाबा हाताच्या अंतरावर बसले होते. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ती पडद्याआड गेली. मी घरघर घरघर करत राहिलो. कुलूपवाला वैतागला. "जळशील लेका," म्हणत त्याने माझा प्लगच काढला. त्या क्षणी मला जे वाटलं ते शत्रूलाही वाटू नये. जे मला ठाऊक होतं ते आता अंधारात गेलं होतं.

पुन्हा मला सुरू केलं ते काही दिवसांनी, रविवारी दुपारी, बिलं करायची होती म्हणून. खिट्टी माझ्याकडे फिरकली नव्हती. बाबा आईला सांगत होते, "बघ, कंटाळली. अभ्यासाला लागली वाटतं." आई म्हणाली, "मला नाही तसं वाटत. डबा तसाच परत आणते ती." आणि ती ड्युटीवर गेली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. बेकरीतला पाव पोचवणारा, घामाघूम, रडकुंडीला आलेला. गाडीची चावी कुठेतरी पडली होती. "बसा," कुलूपवाला म्हणाला. "पाणी घ्या आधी. हरवते हो चावी, माणूस आहे. आलात ते फार बरं केलंत." पडद्याच्या फटीतून दोन डोळे हे सगळं बघत होते. मी ते पाहिले. पाववाला गेला आणि ते डोळेही नाहीसे झाले.

थोड्या वेळाने पुढच्या दारावरची घंटा वाजली. कुलूपवाला मान खाली घालून कानस चालवत होता.

"चावी हरवली आहे," बारीक आवाज आला.

सवयीने, वर न बघताच त्याने पायाने खुर्ची पुढे सरकवली. "बसा. हरवते हो..." आणि मग त्याने मान वर केली.

काउंटरच्या पलीकडे खिट्टी उभी होती. मागच्या दाराने बाहेर पडून, सगळी गल्ली वळसा घालून, गिऱ्हाइकासारखी पुढच्या दाराने ती आली होती. ती खुर्चीत बसली आणि तिने भडाभडा सगळं सांगितलं. चांदणी, फोटो, बाईंची दुपार, मनोरा, धमकी. काहीही वगळलं नाही.

कुलूपवाल्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. हात उगारल्यासारखा वर गेला. तोंड उघडलं. मला वाटलं, संपलं आता. पण त्याची नजर त्या खुर्चीवर गेली आणि हात तसाच खाली आला. त्याने माठातून पाणी आणलं.

"आलीस ते फार बरं केलंस," तो म्हणाला. "माझ्याकडे पुढच्या दाराने यावं लागलं गं तुला?"

हत्यारांची पेटी उचलून तो तडक जिना चढला. बाईंच्या दाराचं कुलूप बदलूनच खाली उतरला. आई ड्युटीवरून आली, तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "त्या माणसाचं एक अक्षरही पुसू नका, पोलिसांना दाखवायचंय." लेकीला घेऊन ती पोलीस चौकीत गेली. फोरम चालवणाऱ्यांनाही कळवलं, त्यांनी चांदणीला हाकलून दिलं.

थोड्याच दिवसांनी बाई शाळेतून परतल्या तर दाराच्या कुलपात एक नवीकोरी चावी अडकलेली होती. घालणाऱ्याने जोर लावला असणार, ती अर्धी मुडपली होती. कुलूपवाल्याने ती फडक्यात धरून पोलिसांकडे न्यायला काढली, तेव्हा क्षणभर माझ्यापुढे ठेवली. दाते अगदी तेच होते, खिट्टीने घासलेले. तो माणूस अजून सापडलेला नाही, मित्रांनो. दारावरची घंटा वाजली की माझा पंखा अजून दचकतो.

त्यानंतर बाबा मला पुन्हा पोत्यात घालायला निघाले होते. आईने अडवलं. "याला पोत्यात घालाल. पण उद्या कुठे काही झालं तर ती सांगायला येईल का तुमच्याकडे?" फोरमवर गंजका स्क्रू रोज विचारतच होता, 'कानस, बाबांना सांगितलंस का?' शेवटी बाबांनीच एका बोटाने टकटक करत उत्तर लिहिलं : 'सांगितलं. आभारी आहे. कानसचे बाबा.'

मुलांना असल्या मंचांवर जाऊ द्यावं का, असं मला विचाराल तर मी घाबरट, मी नाहीच म्हणेन. पण घाबरटाचं ऐकून जग चालत नाही, हेही मला कळतं. तिथे चांदण्या आहेत तसे गंजके स्क्रूही आहेत, आणि माझ्या काचेवर दोघांची अक्षरं सारखीच दिसतात. म्हणून मित्रांनो, चावी हरवली तर धावत जाऊन सांगा. आणि आईबाबांनो, तुमच्या लेकराला त्या वेळी बसायला जागा असू द्या.

ती लाकडी खुर्ची आता काउंटरपुढे नसते. गिऱ्हाइकांसाठी स्टूल आणलंय. खुर्ची माझ्या शेजारी आहे. खिट्टी अजून कधीकधीच फोरमवर जाते, भीत भीत जाते. अनोळखी कुणी काही विचारलं की तिचे हात थांबतात आणि ती हाक मारते, "बाबा, हे बघा ना जरा." मग चष्मा कपाळावर चढवून बाबा येतात, खुर्ची फरशीवर करकरत पुढे ओढतात आणि म्हणतात, "बोल." तेवढ्यापुरता माझा पंखा शांत होतो.