धाकट्याची पोटदुखी

डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून काढलेला पोटाचा फोटो त्याच्यापुढे सरकवला. लालभडक, सुजलेलं अस्तर. दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या धाकट्याने तो निरखून पाहिला. असा लाल त्याला कुठल्या डब्यात मिळाला नव्हता.

“जंतू आहे,” बाई म्हणाल्या. “आतल्या बुळबुळीत थरात दडून बसतो. तुमच्याच शरीराचे शिपाई त्याच्यावर तुटून पडतात. तो बचावतो, मार अस्तराला बसतो. म्हणून ही सूज.”

“म्हणजे हा मत्सर नाही?”

“काय?”

“मत्सर. त्याने नाही ना अशी सूज येत?”

बाईंनी प्रामाणिकपणे फोटो पुन्हा पाहिला.

“यात तरी कुठे दिसत नाही.”

“जरा मोठ्याने म्हणाल? दादा बाहेर बसलाय.”

त्या खरंच मोठ्याने म्हणाल्या. धाकट्याने हात जोडले. जंतू सापडला म्हणून कुणी आभार मानल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

दादाने मोटार शिकवण्याचा क्लास काढला, तेव्हा दादाच्या एकुलत्या एक गाडीचं चित्र काढून बोर्ड धाकट्यानेच रंगवला होता. पडदा सरकला, टाळ्या पडल्या आणि धाकटा पोट धरून सगळ्यांदेखत म्हणाला, “माझ्या पोटात दुखतंय.” लोक खो खो हसले. दादा हसला नाही. तेव्हापासून त्याने धाकट्याला चांगली बातमी सांगणंच सोडलं. भेटायला येताना तो पंक्चर घेऊन यायचा, नाहीतर दाढदुखी. खऱ्या आपत्ती संपल्या की रचायचा.

पोट मात्र दुखतच राहिलं. लोक म्हणतात ते खरंच असावं, असं हळूहळू धाकट्यालाही वाटू लागलं होतं.

औषधं संपली. पुन्हा तपासलं तेव्हा जंतू गेलेला होता. दवाखान्याच्या पायरीवर दादाने विचारलं,

“खरंच दुखत नाही?”

“नाही.”

“बघ हं. मी दुसरी गाडी घेतली.”

“कधी?”

“झाली तीन वर्षं. मागच्या गल्लीत लावतो.”

“अरे, बोर्डावर एकच आहे!”

“रंगवायला तुलाच बोलवावं लागलं असतं ना.”

मग दादा सुटलाच. दाढ कधी दुखलीच नव्हती. पुतणी नापास झाली नव्हती, पहिली आली होती. ऐकता ऐकता धाकट्याचा हात सवयीने पोटावर गेला. दादा वाक्याच्या मधेच थांबला.

“काही नाही रे, भूक लागलीय,” धाकटा म्हणाला. “तू बोल.”