बिनसाखरेचे लाडू

सकाळी पुडा घेताना गोविंदरावांनी चष्मा पुसून लेबल दोनदा वाचलं. ‘ज्वारी-तिळाचे लाडू. बिनसाखरेचे. मधुमेहींनाही चालतात.’ मग संकोचत विचारलं, "खरंच चालतील ना, ताई? घरी पेशंट आहे. परवाच दवाखान्यातून आणलंय हिला. गोडाशिवाय घास उतरत नाही, अन् गोड तर द्यायचं नाही."

मंजुषा काही बोलणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या कस्तुराबाई म्हणाल्या, "खुशाल न्या दादा. साखरेचा दाणा सुदीक न्हाई त्यात. आपल्या गुऱ्हाळातला गूळ हाय."

"गूळ ना? मग झालं," गोविंदरावांचा चेहरा उजळला. "आणि तुम्ही छापूनच दिलंय म्हटल्यावर शंका कशाची."

मंजुषानं मूग गिळले आणि पुडा कागदी पिशवीत घालून दिला.

गंगाखेडच्या बाजार मैदानावर बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं, त्याचा तो पहिला दिवस. कस्तुराबाई मंजुषाच्या सासू आणि गटाच्या अध्यक्ष. गावातल्या बाया त्यांच्या शब्दाबाहेर नव्हत्या. लाडू त्यांच्या हातचे, लेबलावरच्या ओळीही त्यांनीच सांगितलेल्या. लेबलं परभणीहून छापून आली आणि त्यानंतरच्या आठवड्यात मंजुषा तालुक्याला प्रशिक्षणाला गेली. तिथं अन्नसुरक्षेच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की, गूळ असो, काकवी असो की मध, पुड्यावर त्याचा हिशेब साखरेतच धरायचा. गुळाच्या मालावर बिनसाखरेचं लिहायचं नाही, आणि मधुमेहींचं तर नावच काढायचं नाही.

घरी येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा कस्तुराबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नव्हत्या. "कारखान्यात होती ती साखर. गुऱ्हाळात होतो तो गूळ. दोन्ही एकच असते तर वाडवडलांनी दोन नावं कशाला ठेवली असती? आमचे सासरे रोज गुळाचा खडा खाऊन म्हातारे झाले. त्या सायबाला म्हण, ऊस बघितलाय का कधी?"

लाडू वळायला आलेल्या बाया हसल्या. मंजुषाही हसली. आणि तो विषय तिथंच राहिला.

दुपारी ऊन उतरायला लागलं तेव्हा तिचा फोन वाजला. नियमाप्रमाणं पुड्यावर गटाचा नंबर होता आणि तो तिचाच होता.

"ताई, सकाळी पुडा नेला तो मी. गोविंदराव. पोस्टाच्या मागं राहतो," आवाज खुशीत होता. "हिला लय आवडले हो. सकाळपासून पाच खाल्ले. किती महिन्यांनी बाई पोटभर गोड खाऊन हसली. अजून दोन पुडे ठेवा माझ्यासाठी."

"काका, पाच? तब्येत कशी हाय काकूंची?"

"तीच जरा गडबड आहे. मघापासून नुसतं पाणी मागत होती, आता गळून पडलीय. साखर उतरली असणार. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलंच होतं, गळून गेली की आधी साखरेचं पाणी पाजा. तेच करायलोय."

"काका, थांबा. पाजू नका."

पण फोन कट झाला होता. तिनं परत लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तसंच.

"आत्या, मी आलेच," ती उठत सासूला म्हणाली.

"आता कुठं? गिऱ्हाईक उभं हाय."

"सकाळच्या दादांच्या बायकोला त्रास व्हायलाय. आपले लाडू खाल्ले त्यांनी."

कस्तुराबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी भर पंगतीत मीठ कमी म्हणावं. "लाडवानं कुणाला त्रास होतो का? शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल. बस खाली."

मंजुषा बसली नाही. मैदानाच्या फाटकाशी रिक्षा मिळाली. आत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की, आपण चप्पल टेबलाखालीच विसरलो. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. पुढचा चालक खाली उतरून कुणाशी तरी भांडत होता. रिक्षावाला आरामात म्हणाला, "हंगाम हाय ताई, असंच चालायचं." तेव्हा ती उतरली आणि पोस्टापर्यंत अनवाणी पळत गेली.

पोस्टामागच्या पोरांनी दाखवलेल्या घराचं दार उघडंच होतं. आत पलंगावर गोविंदरावांची बायको विमलाबाई उशीला टेकून पडल्या होत्या. तोंड कोरडं, श्वास जड. शेजारी स्टुलावर बसून गोविंदराव एका हातानं त्यांची मान उचलत होते आणि दुसऱ्या हातात पेला होता. पायाशी वाण्याकडून आत्ताच आणलेल्या साखरेचा कागद होता; पेल्याच्या तळाशी ती अजून विरघळायची होती.

"काका, ते देऊ नका."

गोविंदराव दचकले. "तुम्ही? लाडू घेऊन आलात का?"

"लाडवात साखर हाय काका. म्हणजे गूळ हाय, अन् गूळ पोटात गेला की साखरच होते. पाच लाडू म्हणजे लय झाली. त्यांची साखर उतरली नसंल, चढली असंल."

गोविंदरावांनी पेला खाली ठेवला नाही. त्यांनी मान वळवून खिडकीतल्या पुड्याकडे पाहिलं. "पण त्यावर लिहिलंय."

"लिहिलेलं चुकलंय."

"असं कसं चुकेल? छापलेलं आहे." ते चिडले नव्हते, गोंधळले होते. आयुष्यभर कचेरीत कागद वाचून त्याप्रमाणे वागलेला माणूस. "सकाळी तुमच्या शेजारच्या बाई एक म्हणाल्या, आता तुम्ही दुसरं म्हणता. मी कशावर विश्वास ठेवू? डॉक्टर म्हणाले होते, उशीर केला तर जिवावर बेतेल. तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"न्हाई."

"मग?"

मंजुषाच्या मनात आलं, खरंच, आपण चुकत असू तर? साखर उतरलेलीच असेल आणि आपण पेला अडवल्यामुळं ही बाई हातची गेली तर? सकाळी बोलायचं तेव्हा आपण गप्प बसलो, आता न कळणाऱ्या गोष्टीत बोलतोय.

"घरात तपासायचं मशीन हाय का?" तिनं विचारलं.

"आहे. पट्ट्या संपल्यात. मुलगा पुण्याहून घेऊन येणार होता."

विमलाबाईंनी डोळे किंचित उघडले आणि पुटपुटल्या, "पाणी."

गोविंदरावांनी पेला त्यांच्या ओठांजवळ नेला. मंजुषानं पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं. परक्या पुरुषाचा हात तिनं आयुष्यात असा धरला नव्हता. "काका, पोस्टाच्या पलीकडं दवाखान्याची पाटी दिसली मला, तिथं चला. पेला बरोबर घ्या. ते म्हणले तर तिथंच पाजा. मी तुमच्या पाया पडते."

गोविंदराव पेला हातात घेऊनच उठले.

शेजारच्या पोरांनी हात लावला आणि रिक्षात विमलाबाईंना कसंबसं बसवलं. त्यांचं डोकं मंजुषाच्या खांद्यावर होतं. गोविंदराव पुढं चालकाशेजारी पेला दोन्ही हातांत धरून बसले होते. खड्ड्यात रिक्षा उसळली की पाणी त्यांच्या धोतरावर सांडे आणि ते पेल्यात किती उरलं ते पाहत.

दवाखान्यात नर्सनं बोट टोचलं. डॉक्टर यंत्राकडं वाकले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पाचशेच्या वर आहे. सलाईन आणा, लवकर." मग गोविंदरावांच्या हातातल्या पेल्याकडं त्यांचं लक्ष गेलं. "हे काय?"

"साखरेचं पाणी."

"पाजलंत?"

"पाजणारच होतो."

डॉक्टरांनी पेला काढून घेतला आणि बेसिनमध्ये ओतला. "आज रात्री इथंच ठेवावं लागेल. वेळेत आणलंत. काय खायला दिलं होतं यांना?"

गोविंदरावांनी खिशातून लेबल काढलं. पुड्यावरून त्यांनी ते कधी सोलून घेतलं, मंजुषाला कळलंही नव्हतं. डॉक्टरांनी वाचलं. "यात तर बिनसाखरेचं लिहिलंय."

"गुळाचे हायत," मंजुषा म्हणाली. "आमच्या गटाचेच."

डॉक्टर तिच्यावर ओरडले नाहीत. लेबल परत देऊन ते आत गेले. व्हरांड्यातल्या बाकावर गोविंदराव बसले. त्यांनी खाली मान घालूनच विचारलं, "ताई, सकाळी तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो, काका."

त्यांनी मान हलवली आणि पुढं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

ती मैदानावर परतली तेव्हा दिवे लागले होते. टेबल रिकामं होतं आणि कस्तुराबाई हरखून गेल्या होत्या. "बघ, एक पुडा उरला न्हाई. तू उगं घाबरून पळालीस. एकानं तर चार नेले. म्हणला, आईबाप दोघंबी शुगरचे हायत, बसून खातील."

"आत्या, त्या काकू दवाखान्यात हायत. पाचशेच्या वर गेली साखर. आपल्या लाडवानं."

कस्तुराबाईंचा हात टेबलावरच्या चादरीवर थांबला.

मंजुषा स्टेजकडं निघाली. तिथं भागवत नावाचा गडी माईकवरून पापड-लोणच्यांची जाहिरात करत होता. कस्तुराबाई मागून धावत आल्या आणि त्यांनी तिचा दंड धरला. "काय करायलीस? गटाच्या अकरा बायांचं नाव हाय त्या पुड्यावर. पुन्हा कुणी चटणी सुदीक घेणार न्हाई आपली."

"मग काय करू? ते चार पुडे नेणारे कुठं राहतात, माहीत हाय का तुमाला?"

कस्तुराबाईंनी दंड सोडला नाही. मग हळूच विचारलं, "शुद्धीत हाय का ती?"

"आता आली असंल."

"हं," त्या म्हणाल्या. "सर बाजूला. अध्यक्ष मी हाय."

भागवतनं माईक दिला तेव्हा त्यांनी तो भाकरीच्या उलथन्यासारखा घट्ट धरला. त्यांचा आवाज भोंग्यातून फाटून बाहेर आला.

"मी कस्तुराबाई. आमच्या लाडवावर लिवलेलं चुकीचं हाय. शुगरवाल्यांनी खाऊ नका. नेले असतील तर आणून द्या, नसतील आणायचे तर फेकून द्या. त्यात गूळ हाय. अन् गूळ बी साखरच असती, असं म्हणत्यात."

मंजुषा खाली उभी राहून वर पाहत होती. कस्तुराबाईंनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि माईक पुन्हा तोंडाशी नेला.

"म्हणत्यात न्हाई. असती."