नकाशा माझ्यातच होता

मी दुसरा भाग बोलतोय. कॅसेटमध्ये भरलेला, टीव्हीला कॉम्प्युटर जोडून खेळायचा, राक्षस आणि जादूगारांचा खेळ. माझ्या आधी एक पहिला भाग होता आणि माझी रडकथा त्याच्यापासूनच सुरू होते.

१९८७ साली विलायतेत माझा जन्म झाला. माझ्यात सात राज्यं, बोलणारे अजगर, लढाईचं खास संगीत! पहिल्या भागात काय होतं? एक काळंपांढरं भुयार. तिकडेच राहणाऱ्या कृष्णकांतने मला नागपूरला बहिणीकडे, ताराकडे पाठवलं, तेव्हा मी अगदी ऐटीत आलो.

गोकुळपेठेतल्या त्या घरात मला पहिल्या भागाशेजारी खणात ठेवलं. इथलं सगळं मला त्यानेच सांगितलं. तारा आणि तिचा नवरा मुकुंद यांचं बाळ जन्मताच गेलं होतं. तेव्हापासून दोघं जेवणाखाण्यापुरतंच बोलत. मग पहिला भाग आला. त्या भुयारात हमखास वाट चुकायची, म्हणून तारा रांगोळीचा डबा घेऊन टीव्हीपुढे फरशीवर बसली. प्रत्येक खोलीला एक ठिपका, प्रत्येक वाटेला एक रेघ. मुकुंद बटणं दाबायचा, ती वाट सांगायची.

"उजवीकडे नका जाऊ, काल तिथंच मेलो आपण."

शेजारच्या कौसल्याबाई दारातून विचारायच्या, "हे कोणत्या सणाचं काढून राहिली वं?" आणि तारा हसायची. किती तरी महिन्यांनी हसली होती ती. भुयार संपलं आणि दोघं माझी वाट पाहू लागले.

मी आलो त्या संध्याकाळी ताराने फरशी पुसली, डबा उघडला, पहिला ठिपका ठेवला. मुकुंदने मला लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात नकाशा आपोआप उमटू लागला. माझ्या डबीवर त्याचीच तर जाहिरात होती.

"हे पाय, नकाशा तोच काढून राहिला," मुकुंद खूश होऊन म्हणाला. "बरं झालं, आता तुले त्रास नाही."

ताराने हातातली चिमूट परत डब्यात टाकली.

"बस ना वं बाजूले."

"बसून काय करू?" ती म्हणाली आणि ओल्या फडक्याने तो एक ठिपका पुसून आत गेली.

पुढच्या संध्याकाळीही त्याने हाक मारली. ती आली, थोडा वेळ उभी राहिली, मग कुकरची शिट्टी झाली म्हणून गेली. नंतर त्याने हाक मारणं सोडलं. माझे अजगर छान बोलायचे, संगीतही सुरेख वाजायचं, पण त्या घरात पुन्हा तेच जेवणाखाण्यापुरतं बोलणं उरलं. मला फार वाईट वाटायचं. नकाशा मिटवायचं बटण माझ्यात कुणी ठेवलंच नव्हतं.

दिवाळीनंतर तारा आठ दिवसांसाठी म्हणून भिवापूरला आईकडे गेली. उन्हाळा आला तरी ती परतली नाही. मुकुंद दोनदा तिला आणायला गेला आणि एकटाच परत आला.

एका रविवारी त्याने सातवं राज्य जिंकलं. पडद्यावर फटाके उडाले. तो सवयीने मागे वळून म्हणाला, "पायलं का वं?" मागे नुसती फरशी होती. त्याने टीव्ही बंद केला, आणि त्यानंतर मला कधी लावलं नाही.

आता मी पहिल्या भागाशेजारीच पडून असतो. तो माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याला दोष देत नाही. तुमच्यापैकी कुणी तिसरा भाग बनवत असेल, तर त्यात नकाशा घालू नका. या घराला आता त्याने काही फरक पडणार नाही. तरीही घालू नका.