फेस्टी किंगचं राजघराणं

फेस्टी किंगइतका पोकळ माणूस आमच्या कॉनेमारात दुसरा झाला नाही. दगडगोट्यांच्या रानात चार मेंढ्या, गावात एक दारूचं दुकान, आणि नाक मात्र ढगात. ‘‘किंग आडनाव उगीच लागत नाही. राजघराणं आहे आमचं,’’ असं तो दर परक्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. ते बिचारे माना डोलवायचे. आम्ही ग्लासात तोंड घालून हसायचो.

त्याच्या मुलीनं, सोरखानं, बार्टली वॉर्डशी लग्न ठरवलं. वॉर्ड म्हणजे पूर्वी घोडागाड्या घेऊन गावोगाव भांडी सांधत फिरणारे लोक. एका रविवारी बार्टलीचा बाप नेड बोलणी करायला दुकानात आला. अंगात चांगला कोट, हातात बायकोनं भाजलेला मनुकांचा पाव. फेस्टीनं त्याला बसही म्हटलं नाही.

‘‘भांडी सांधणाऱ्यांना इथं दारू मिळत नाही,’’ तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. ‘‘मग राजाची पोर कुठून मिळणार?’’

नेडचा चेहरा उतरला. हातातला पाव कुठे ठेवावा हेही त्याला कळेना.

शेकोटीपाशी फेस्टीची म्हातारी आत्या पेग विणत बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

‘‘कुठला राजा रे मेल्या? माझा आजा मॅक कनरी. इंग्रजीत नाव लिहिणाऱ्याला शेवटचा ‘री’ तेवढा ऐकू आला. आपल्या आयरिश भाषेत री म्हणजे राजा, म्हणून त्यानं ठोकून दिलं किंग.’’

‘‘आत्या, गप्प बस!’’

‘‘का म्हणून? आपला मूळ पुरुष कू-री, त्याची पोरं ती मॅक कनरी. कू म्हणजे शिकारी कुत्रा. आणि वॉर्ड म्हणजे मॅक अन वार्ड, भाटाची पोरं. खरे राजे होते तेव्हा हे त्यांच्या पंगतीला बसायचे.’’

मागून कुणीतरी भुंकलं. दुकान हसून लोटपोट झालं. त्या वेळी फेस्टी आपणही हसला असता, तर सगळं तिथंच निभावलं असतं. पण तेवढी अक्कल असती तर तो फेस्टी कसला? त्यानं नेडच्या हातातला पाव हिसकावला आणि दाराबाहेर भिरकावला.

गल्ल्यामागे उभ्या असलेल्या सोरखानं अंगावरचा एप्रन सोडला, नेडच्या दंडाला धरलं आणि ती त्याच्याबरोबर निघून गेली.

लग्नाला पेग गेली, फेस्टीची बायको नोरासुद्धा गेली. हा दुकानात उभा राहून सांगत होता, ‘‘मी कुणाच्याही दारात जात नाही.’’ त्याला बोलावलंच कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी नातू झाला. बाप्तिस्म्याला मात्र स्वारी न बोलावता हजर. चर्चच्या पायरीवर सोरखाला गाठून म्हणाला, ‘‘निदान मधे तरी किंग लाव गं पोराला.’’

‘‘नाव ठरलंय, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘चहाला थांबायचं तर थांबा.’’

तो थांबला नाही. तोऱ्यात चालत गेला, आणि वळणावर मेंढ्यांच्या लेंड्यांत घसरून बसला. उठवायला आमच्यातलं कुणीच गेलं नाही.