शेपूट झिजलेला स्वल्पविराम

जरा थांबा, बसून घ्या, मी स्वल्पविराम बोलतोय. म्हणजे छपाईचा, शिशात ओतलेला खिळा; तोंड तांदळाच्या कणीएवढं. गदगच्या ओतशाळेत जन्मलो आणि वीरबसप्पांच्या छापखान्यात नांदलो. बनशंकरीची जत्रा भरली की आमचा छापखाना महिनाभर तंबूत असायचा.

वीरबसप्पा शाळेत फारसे गेले नाहीत. पण कुठला कागद लोक वाचतील आणि कुठल्यात भजी बांधतील, हे त्यांना नुसतं हातात धरून कळायचं.

मी इतका राबलो की शेपूट झिजलं. खिळे जुळवणाऱ्या इराण्णाने एके सकाळी मला भंगाराच्या डब्यात टाकलं. "आता वितळ बाबा," म्हणाला. मी मनाशी म्हटलं, एवढ्यात नाही.

त्याच दुपारी नीलव्वा धापा टाकत आली. तिचा मुका भाऊ संगप्पा सकाळी गर्दीत हरवला होता. संध्याकाळच्या गाड्यांनी निम्मी जत्रा पांगणार; कुणी त्याला भलत्याच गाडीत बसवलं, तर तो गाव कसं सांगणार?

"लिहा अण्णा. मुका माणूस हरवलाय. पांढरा सदरा, धोतर."

"अक्का, इथे पांढरा सदरा नसलेला गडी दाखवा, छापखाना तुमच्या नावावर करतो! घाबरला की काय करतो तो, ते सांगा."

नीलव्वाने डोळे पुसले. "घाबरला की... चपला दिसतील तिथे जोड्या लावत बसतो. डाव्या हाताला सहा बोटं आहेत. गूळ दिला की आधी कपाळाला लावतो."

"आत्ता दिसला मला संगप्पा!"

इराण्णा कुरकुरला, "मालक, स्वल्पविराम सगळे नाटक कंपनीच्या जाहिरातीत अडकलेत. दोनच उरलेत. पूर्णविराम ठोकू?"

"ठोक, म्हणजे वाचणारा पहिल्याच वाक्याला कागद टाकून भजी खायला जाईल. त्याला एका दमात चपलांपर्यंत न्यायचंय. भंगार बघ."

असा मी परत आलो. ओळ जुळली: 'बोलता न येणारा, डाव्या हाताला सहा बोटं असलेला, गूळ आधी कपाळाला लावणारा, चपला दिसतील तिथे जोड्या लावत बसणारा संगप्पा हरवला आहे.' शेवटची जागा माझी, चपलांच्या अगदी आधी. यंत्राचा दाब आला. झिजलेल्या शेपटाने जेवढी शाई धरवली तेवढी धरली. तीनशे कागदांवर तीनशेही वेळा उमटलो.

तासाभरात नाटकाच्या तंबूचा दारवान कागद फडकवत आला. "अहो, हा तर सकाळपासून आमच्या दारात चपला लावतोय! मला वाटलं कंपनीच्या मालकांनी ठेवलाय, त्यांना वाटलं मी. दोनदा जेवू घातलं त्याला. इतकं निमूट काम करणारा माणूस हरवलेला असेल, असं कुणाला वाटेल हो?"

पुढचं वीरबसप्पा अजूनही गिऱ्हाइकांना सांगतात. बहीण दिसली तरी संगप्पा उठेना. काही जोड्या लावायच्या राहिल्या होत्या. नीलव्वा रडली नाही, रागावली नाही. त्याच्या शेजारी मातीत बसली आणि एक डावी चप्पल उचलून उजवी शोधू लागली.

आता छापखान्यात संगणक आहे. मी वीरबसप्पांच्या टेबलावर, काचेच्या वाटीत. एवढंच सांगतो: कुणाबद्दल लिहिताना तुमच्याकडे आणखी काही सांगण्यासारखं उरलं असेल, तर वाक्य संपवायची घाई करू नका. मला हाक मारा. मी अजून उमटतो.