महिपतचा खांदा

दिवाळीपासून मैनाने नवऱ्याला खाटेवरून हलू दिलं नव्हतं. महिपतच्या काळजाचा ठोका मधेच चुकायचा आणि पुढचा धाडकन यायचा. "मैने, पुना चुकला गो," तो म्हणायचा, आणि ही त्याला पुन्हा आडवं करायची. मग काय! लाकडं फोडणं बंद, विहिरीवर जाणं बंद. अंगात तरतरी राहावी म्हणून दिवसभर कोरा चहा मात्र चालू. एवढं करून ठोके आपले जास्तच चुकत होते.

शिमगा तोंडावर आला तसा महिपत हट्टाला पेटला. ग्रामदेवीची पालखी खांद्यावर घेऊन नाचवावी ती महिपतनेच, असं अख्खं गाव म्हणे.

"पालखी नाचवल्याबिगर मी ऱ्हायचा नाय."

"मग माजा कुंकू पुसूनच जावा!" मैना कडाडली.

शेवटी लांज्याच्या डॉक्टरीणबाई सांगतील ते दोघांनी ऐकायचं ठरलं.

बाईंनी रत्नागिरीहून कार्डिओग्राम काढून आणायला लावला, रक्त तपासलं. सगळं बघून झाल्यावर तपासायची नळी काढली आणि थेट मैनाच्या कानात घातली. आडव्या पडलेल्या महिपतच्या छातीत ठोका चुकलेला तिला ऐकू आला. मैनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आता हे उठतील," बाई म्हणाल्या, "आणि मागची पाखाडी चढून येतील."

"अवो बाई, मरतील ना ते!"

"मी जाते बरोबर."

आणि पदर खोचून बाई खरंच जांभ्याच्या त्या पायऱ्या चढल्या. परत आल्या त्या धापा टाकत. महिपत नुसता घामेजला होता. पुन्हा नळी मैनाच्या कानात. काळीज भाताच्या गिरणीसारखं जोरात चाललं होतं आणि एकही ठोका चुकत नव्हता!

"यांचं हृदय निकोप आहे," बाई म्हणाल्या. "असे ठोके पुष्कळांचे चुकतात. निजवून ठेवलंत, वर चहा पाजलात, म्हणून जास्त जाणवले. गोळी नको. चहा-तंबाखू कमी, झोप पुरी. चक्कर आली, शुद्ध हरपली तर मात्र तडक या. बाकी ठोके चुकतील, चुकू देत."

मैनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि बाईंचे पाय धरावेसेही वाटले. केवढी शिकलेली बाई, पण आपल्या माणसाबरोबर पाखाडी चढली!

शिमग्यात पालखी दारात आली. ढोल कडाडले आणि महिपतने ती एकट्याच्या खांद्यावर घेतली. काय नाचवली म्हणून सांगू! गुडघ्यात वाकला, गिरकी घेतली, दोन्ही हात सोडले, तरी पालखी तसूभर कलली नाही. मैना बघतच राहिली. असल्या माणसाला आपण खाटेवर निजवलं होतं!

पालखी टेकवून तो पायरीवर बसला. सगळ्या गावादेखत मैनाने त्याच्या छातीवर हात ठेवला. थोड्या वेळाने ठोका चुकला. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं, आणि तो हसत होता. पुढचा ठोका धाडकन हाताला लागला.

"आला," मैना म्हणाली, आणि देवीची ओटी भरायला उठली.