बारा शब्दांची परात

"माय, पितळेची परात कुठी हाय?"

"सुमनबाईच्या पोरीच्या लग्नाले देली. काहून रे?" सखाबाई म्हणाली.

कैलाशच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेरदेशच्या कंपन्यांची कामं घरी लॅपटॉपवर करून त्यानं जमवलेलं सगळं बिटकॉइनमध्ये होतं. मासेमारीसाठी तलावाचा ठेका घ्यायचा होता त्यातून. सकाळी फोन पाण्यात पडून मेला. आता खातं उघडायला उरले ते बारा गुप्त शब्द. कागद वाळवी खाते म्हणून ते त्यानं परातीच्या बुडावर कोरले होते. परात कोण पाहतो उलटी करून?

मायलेक मांडवात पोचले तेव्हा पंगत रंगात होती. सखाबाईनं आचाऱ्याच्या हातातून परात ओढलीच. बुंदी सांडली.

"सखे, बुंदी पाहिजे तं मांग ना," सुमनबाई म्हणाली. सगळा मांडव हसला.

"हे खाली इंग्रजी कायचं लिवलं जी?" आचाऱ्यानं विचारलं.

"कंपनीचं नाव हाय," सखाबाईनं ठोकून दिलं.

घरी कैलाश लॅपटॉपसमोर बसला. शब्द चार लोकांच्या नजरेखालून गेले होते, म्हणून सगळी रक्कम नव्या शब्दांच्या खात्यात हलवायची होती. सखाबाईचा जीव टांगणीला लागला.

"आलं, माय. सगळं आलं."

तिनं त्याच्या पाठीत आनंदाचा धपाटा घातला. आता तलाव आपलाच!

"पन हे जुने शब्द मिटवा लागते," कैलाश म्हणाला. "जुन्या पत्त्यावर कोनी चुकून पैसे धाडले, तं परात ज्याच्या हाती त्याचे."

हातोडा घेऊन तो थांबला. बुडावर ठोकलं की आतलं बापाचं कोरीव नावही चेपणार होतं: धनीराम. बापानं पहिल्या मासोळीच्या कमाईतून परात आणली, तेव्हा घातलेलं.

"राहू दे. जमिनीत गाडून टाकू."

"गाडलेलं कोनी तरी उकरतेच," सखाबाई म्हणाली आणि हातोडा तिनंच घेतला. आत धनीरामचं नाव चेपत गेलं. शेवटचं अक्षर जाईपर्यंत ती ठोकत राहिली.

संध्याकाळी सुमनबाई दारात आली. उद्याच्या पाहुण्यांसाठी परात पुन्हा हवी होती. तिनं ती हातात घेऊन फिरवून पाहिली.

"सखे, हिच्यावर तं नावच नाही. कोनाची म्हणून वापस आणू?"

सखाबाईनं पदरानं परात पुसली.

"चेपलेली दिसली तं माही समज," ती म्हणाली आणि दिली.